धीर कोठे धरावा

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथील चिंतामणीचे देवस्थान जमिनीच्या पातळीखाली असून, पायऱ्या उतरून गेल्यावर तेथील कुंड दृष्टीस पडते. गौतमांच्या शापाने इंद्राच्या सर्वांगावर उमटलेली सहस्र चिन्हे गणेशाच्या आराधनेने सहस्र नेत्र झाली, अशी या क्षेत्राची कथा आहे. आणि कित्येक वर्षांच्या अंतराने कुंडाचे पाणी आपोआप चढून मूर्तीच्या चरणांना लागते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. नेत्रांची कथा आणि प्रतीक्षेची निष्ठा जेथे एकत्र नांदतात, तेथेच हा प्रश्न विचारणे मला उचित वाटते, की व्याधीतही वाट पाहणे हा धर्म होय काय?

एक व्याधी अशी आहे की तीत शरीराची रक्षणव्यवस्था स्वकीयांनाच परके लेखून डोळ्याच्या आतील, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पटलावर चालून जाते. वैद्यक तिला युव्हायटिस म्हणते. डोळा लाल दिसताच घरची माणसे ‘डोळे आले’ म्हणून गुलाबपाणी घालतात. पण डोळे आले असता चिपडे धरतात. येथे चिपडे नसतात, बुबुळाभोवती लाली दाटते, उजेड सोसवत नाही, आत ठणका लागतो आणि नजर धुरकटते. तपासणीच्या दिव्याच्या बारीक शलाकेत, कवडशातील धूलिकणांप्रमाणे, डोळ्याच्या पुढल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशी दिसतात. दिरंगाई झाली तर बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटतो आणि बाहुली वेडीवाकडी होते. चिकटणे ताजे असेतो ॲट्रोपिनसारखे थेंब ते सोडवू शकतात, मुदत टळल्यावर सहसा नाही. संधिवात झालेल्या बालकांत तर बहुधा लाली नाही, वेदनेची फिर्यादही नाही. म्हणून त्यांचे डोळे तक्रारीवाचूनच ठरावीक काळाने तपासावे लागतात.

‘भोग आहे, भोगलाच पाहिजे’ हे वचन अशा वेळी मला अधार्मिक वाटते. प्रारब्ध कोणते, हे प्रयत्न पुरे झाल्यावरच कळते. जो प्रयत्नापूर्वीच त्याचा दाखला देतो, तो स्वतःच्या आळसाला दैवाचे नाव देतो. कथेतला इंद्रदेखील शाप ओसरण्याची वाट पाहत बसला नाही, उपायाच्या स्थानी चालत आला. ज्याला नवस बोलायचा त्याने तो अवश्य बोलावा, पण त्याच दिवशी यवतमाळच्या शासकीय किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयाची वाट धरावी.

धीर लागतो तो पुढे, औषध सुरू झाल्यावर, आणि नेमका तेथेच आपला धीर सुटतो. वैद्य फिलिप हेंच यांनी 1948 साली संधिवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन दिले. त्याच कुळातील स्टेरॉइडचे थेंब प्रारंभी तासातासाला घालावे लागतात, आणि पुढे कित्येक आठवडे डॉक्टरांच्या हुकुमानेच एकेक करून उतरवावे लागतात. लाली गेली की लोक बाटली फळीवर ठेवून देतात आणि दाह परततो. उलट, तपासणीवाचून तेच थेंब घालीत राहिले तर मोतीबिंदू आणि काचबिंदू ओढवतात. दाह वारंवार उसळणाऱ्यांना क्षयरोगाची शंका फिटवून मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, आणि डोळा दुखत नसतानाही रक्ततपासणीसाठी, नेत्रदाब मोजण्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच रांगेत उभे राहावे लागते.