शूनेमच्या बाईची खोली



आजच्या पहिल्या वाचनातील शूनेमची बाई आपल्याला ओळखीची वाटावी. अलीशा संदेष्टा तिच्या गावावरून जाई, तेव्हा ती त्याला जेवायला थांबवी. इतके आपणही करतो. दारी आलेल्याला भाकरी नाकारणारे घर आपल्या भागात सापडणे कठीण. पण ती पुढे गेली. नवऱ्याशी बोलून तिने वर एक लहानशी खोली करवून घेतली. आत पलंग, मेज, आसन आणि दिवा. वाटसरूला आणखी लागते तरी काय? दार लावून निजता यावे, आणि दर खेपेला “आज राहू का?” असे विचारावे लागू नये.

1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीला गेले. अमेरिकेत शिकून आलेला माणूस, पण शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणाला. बाबासाहेबांचे तिथे दोन मित्र होते. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. त्या उत्तराचा खरा अर्थ बाबासाहेबांना नंतर कळला. रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

मला त्या जमावापेक्षाही ख्रिस्ती मित्राचे दार जास्त बोचते. बाप्तिस्मा झाला होता, पण उंबरठा जुनाच राहिला होता. शूनेमची बाईही नवऱ्याशी बोललीच होती. पण दार उघडण्यासाठी.

हल्ली आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पायथ्याला बारी गावात, भंडारदऱ्याकडे, गावकरी डोंगर चढायला आलेल्या मुलांना घरात उतरवतात. पिठले-भाकरी, अंथरूण, आणि परवडतील असे पैसे. पैसे घेतले म्हणजे पाहुणचार संपला असे मी मानत नाही; चूल पेटते ठेवायला सरपण लागतेच. चुलीपाशी बसून चहा प्यालेला शहरातला मुलगा ते घर विसरत नाही.

आता आपल्याकडे पाहू. हरेगावची मतमाउली यात्रा 1949 पासून भरते. सप्टेंबरात मुंबई-पुण्याहून, मराठवाड्यातून लेकरेबाळे घेऊन माणसे येतात. लॉज सगळ्यांना परवडत नाही आणि आपला धर्मग्राम त्यांच्या वाटेवरच आहे. दोन वर्षांपूर्वी भर पावसात रात्री एक कुटुंब मिशन हाऊसच्या दारात उभे राहिले. मी त्यांना शाळेचा व्हरांडा दाखवला. मागची खोली जुन्या कपाटांनी भरलेली होती, असे मी स्वतःला सांगितले. सकाळी म्हातारी आजी “येते हं फादर” म्हणून हात जोडून गेली. व्हरांडा ओला होता.

यंदा ज्यांना दोन-चार यात्रेकरू घरी घेता येतील, त्यांनी मिस्सानंतर नाव सांगावे. कोण येणार, कुठल्या आडनावाचे, ते आधी कळणार नाही. पहिले नाव मिशन हाऊसच्या मागच्या खोलीचे लिहिले आहे. कपाटे हलवायला शनिवारी दोन-तीन तरुण हवे आहेत.