मुक्कामांची नोंद

(वाचनासाठीं : गणना, अध्याय ३३)



गणना पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय मंडळींत फारसा वाचला जात नाहीं, आणि वाचला तर ऐकणारांस जांभया येतात. अमक्या ठिकाणाहून निघाले व तमक्या ठिकाणीं तळ दिला, तेथून निघाले व पुढें तळ दिला, असेंच शेवटपर्यंत चालतें. रामसेसपासून मवाबाच्या मैदानापर्यंत चाळीस वर्षांचा प्रवास त्यांत आहे. परंतु आरंभीं एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे आम्ही आज आपलें लक्ष वेधूं इच्छितों. मोशेनें ही नोंद स्वतःच्या हौसेनें केली नाहीं. परमेश्वराच्या आज्ञेवरून केली. ज्याच्या शिरावर कुरकुर करणाऱ्या एवढ्या लोकांचा भार, त्या वृद्ध मनुष्यास देवानें लिहावयास बसविलें. हें कां?

ह्याचें उत्तर आम्हांस एलीम येथें सांपडतें. मारा येथलें पाणी कडू होतें. तेथून पुढें एलीम लागलें, आणि तेथें बारा झरे व खजुरीचीं सत्तर झाडें होतीं. मोशेनें झरे मोजून लिहिले, झाडेंही मोजून लिहिलीं. आतां निर्गमाचा सोळावा अध्याय काढून पाहा. एलीम सोडून सीन रानांत पाऊल टाकतांच तेच लोक मिसर देशासाठीं रडूं लागले. मिसरांतील मांसाचीं भांडीं त्यांस आठवलीं. एलीमाचे झरे आठवले नाहींत, आणि मिसरांतील चाबूकही आठवला नाहीं.

संकटांत मनाची अशी गति होते. तें एका जागीं ठरत नाहीं, आणि ठरलें तर खोटें बोलतें. आजचें दुःख दाखवून म्हणतें कीं, पूर्वींपासून असेंच आहे व पुढेंही असेंच चालणार. ज्या वडील माणसांनीं १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांस विचारा. आटलेली विहीर, खडी फोडतांना लागलेलें ऊन, सुकडीची चव, कवडीमोलानें विकलेलीं गुरें, हें सर्व ते तत्काळ सांगतील. पण त्या वर्षीं चूल कोणाच्या हातून पेटली, पायलीभर ज्वारी उसनी कोणी दिली, आजारी मूल कसें उठलें, हें विचारलें म्हणजे क्षणभर थांबतात. ते कृतघ्न आहेत असें नव्हे. दुःख मनांत आपोआप कोरलें जातें. उपकार मात्र लिहून ठेवावा लागतो.

लिहावयाचें तें खरें लिहावें. रफीदीमास पाणी नव्हतें, हें मोशेनें लपविलें नाहीं. होर डोंगरावर त्याचा सख्खा भाऊ अहरोन वारला. तेथें त्यानें वर्ष, महिना, दिवस लिहिला, वय १२३ लिहिलें, आणि थोड्याच ओळींनंतर होर डोंगराहून निघाल्याचें लिहिलें. रडूं नये असा ह्याचा अर्थ नव्हे. इस्राएल तेथें तीस दिवस रडले, हें त्याच पुस्तकांत आहे. पण मरणाच्या पानापुढें दुसरें पान होतें.

आणखी एक पाहण्यासारखें आहे. सीनाय रानांत तळ दिला, एवढेंच ह्या अध्यायांत आहे. सोन्याच्या वासराचा शब्दही नाहीं. ती हकीकत जेथें सांगावयाची तेथें सांगितली आहे, परंतु मुक्कामांच्या नोंदींत मोशेनें लोकांच्या अपराधांचा खतावणीप्रमाणें हिशेब ठेविला नाहीं. कित्येक जण वही घेतात ती शेजाऱ्याचा बांध, भावकीचे टोमणे व पंचांचा अन्याय लिहून ठेवण्यासाठीं. अशी वही न लिहिलेली बरी. ती वाचली कीं जखम पुनः वाहूं लागते.

डेव्हिड ब्रेनर्ड हा अमेरिकेंतील मूळ रहिवाशांमध्यें सुवार्ता सांगणारा तरुण. १७४३ सालीं तो कौनॉमीक नामक रानांतल्या वस्तींत राहावयास गेला. भाकरीसाठीं त्यास दहा-पंधरा मैलांवर जावें किंवा माणूस पाठवावें लागे, व कित्येकदां ती खाण्यापूर्वींच तिला बुरशी येई. शरीर रोगट, भाषा परकी, आणि मन वारंवार खचणारें. तरी तो लिहीत गेला. १७४५ च्या उन्हाळ्यांत न्यू जर्सींतील क्रॉसविकसंग येथें लोक त्याचा उपदेश ऐकून रडूं लागले व प्रभूकडे वळले. १७४७ त, वयाच्या २९ व्या वर्षीं, तो क्षयानें वारला, आणि १७४९ सालीं जोनाथन एडवर्ड्स ह्यांनीं त्याची रोजनिशी प्रसिद्ध केली. खरें सांगावयाचें तर तींतील सर्वच अनुकरणीय नाहीं. ब्रेनर्ड आपल्या अंतःकरणाची नाडी इतक्या वेळां पाहतो कीं, वाचणाऱ्याचा जीव घाबरा होतो. त्याच्या उदास स्वभावाचा दोष खुद्द एडवर्ड्स ह्यांनींही मान्य केला आहे.

तथापि तीच रोजनिशी केंब्रिज येथील हेन्री मार्टिन ह्या विद्वान तरुणाच्या हातीं पडली व मिशनकार्याकडे वळण्यास त्यास तिचें मोठें साह्य झालें. तो १८०६ त हिंदुस्थानांत आला. त्यानें नव्या कराराचें उर्दू भाषांतर केलें, आणि पुढें इराणांत शीराझ येथें राहून फारसी भाषांतर पुरें केलें. स्वदेशीं परत जातांना तुर्कस्थानांत त्यास तापानें गांठलें, आणि त्या स्थितींतही त्यास घोड्यावरून दौडवीत नेण्यांत आलें. ६ ऑक्टोबर १८१२ रोजीं घोडे मिळेनात. दुसऱ्या कोणी ही अडचण म्हणून लिहिली असती. त्यानें ती विसांवा म्हणून लिहिली. एका बागेंत बसून आपण देवाचें चिंतन केलें व त्यांत गोड समाधान मिळालें, असें तो नमूद करितो. ती त्याची शेवटची नोंद. दहा दिवसांनीं तो तोकात येथें वारला, वय ३१.

उपदेशक बंधूंनो, वरिष्ठांस पाठवावयाचा अहवाल वेगळा आणि ही वही वेगळी. अहवालांत आकडे मागतात, व आकडा लहान असला म्हणजे लेखणी अडखळते. दिवाळीच्या सुमारास घरेंच्या घरें ऊसतोडीस जातात, आणि रविवारीं उपासनेस चार म्हाताऱ्या व तीन मुलें उरतात. त्या रात्रीं मन म्हणतें, आज कोणीच आलें नाहीं. हें काम सोडून दुसरें कांहीं पाहावें. अशा रात्रीं सातांचीं नांवें लिहा. नांवें लिहूं लागलां म्हणजे ‘कोणीच नाहीं’ असें म्हणतां येत नाहीं. मग त्यांपैकीं कोणाच्या घरीं उद्यां जावयाचें तें एका नांवापुढें लिहा, आणि सकाळीं तेथें जा.

फार लिहूं नका. तारीख, त्या दिवशीं वाचलेला शास्त्रभाग, देवाच्या हातून मिळालेली एक गोष्ट, आणि उद्यांचें एक काम. चार ओळी पुष्कळ झाल्या. कांहीं मिळालें नाहीं असें वाटलें तर तसेंच लिहावें. आसाफानेंही देवापुढें आपली झोपमोड लपविली नाहीं. मध्यें चार दिवस चुकले तर पांचव्या दिवशीं पुनः आरंभ करावा. मागचें भरून काढण्यास बसूं नये, तेणेंकरून वही कायमची बंद पडते.

ज्यांस अक्षर येत नाहीं त्यांनीं शाळेंत जाणाऱ्या नातवास दिव्यापाशीं बसवावें व आज काय लिहावयाचें तें त्यास विचारूं द्यावें. उत्तर शोधतांना आजीच्या ध्यानांत दिवसभराचें येतें, आणि मुलाच्याही कानांवर पडतें कीं ह्या घरांत काय काय मिळालें. वही भरली म्हणजे ती रद्दींत घालूं नये. पेटींत शास्त्राबरोबर ठेवावी, आणि पुढच्या वर्षीं पाऊस लांबला म्हणजे कुटुंबाच्या प्रार्थनेच्या वेळीं त्याच महिन्याचें पान मोठ्यानें वाचावें.