चूक पदरात घ्या, माणूस टाकू नका



आपल्या नांदेड-लातूरकडे एखाद्या घरात पहिली नोकरी लागते, तेव्हा त्या एका पगारावर भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न आणि म्हाताऱ्यांचे औषधपाणी अवलंबून असते. हिशेबातल्या चुकीने किंवा कामावर दारू पिऊन गेल्याने ती नोकरी सुटली, की सारे घर हादरते. मग कोणी म्हणतो, नशिबातच नव्हते. कोणी नवस सुचवतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही भाषा शोभत नाही. दुःखाला कारण असते व उपायही असतो, हाच तथागतांचा धम्म आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सुधम्म नावाच्या भिक्खूची हकिकत आहे. मच्छिकासंड येथे चित्त नावाचा गृहपती होता. त्याने सुधम्माला आधी न विचारता सारिपुत्त, मोग्गल्लान आदी थेरांना भोजनाचे आमंत्रण दिले. सुधम्माला मत्सर वाटला. जेवणाची तयारी पाहून तो म्हणाला, सगळे आहे, फक्त तिळाची वडी नाही. हा टोमणा चित्ताच्या पूर्वजांच्या धंद्यावर होता, असे अट्ठकथा सांगते. धंद्यावरून, कुळावरून हिणवणे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

तथागतांनी सुधम्माचीच कानउघाडणी केली. संघाने त्याला दंड दिला, की गृहपतीकडे जाऊन क्षमा माग. सुधम्म गेला, पण शरमेने तोंड उघडेना, तसाच परतला. तेव्हा तथागतांनी त्याला हाकलले नाही. सोबत एक भिक्खू द्यायला सांगितले. त्याला अनुदूत म्हणतात. अनुदूताने मध्ये पडून रदबदली करायची. सुधम्माने क्षमा मागितली आणि पुढे संघाने दंड मागे घेतला.

बंधूंनो, यात तीन गोष्टी आहेत. चूक केली त्याने ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर, सबबी न सांगता, ती कबूल करावी. दंडाला शेवट असावा. आणि शरमलेल्या माणसाला एकटे पाठवू नये.

मात्र न केलेली चूक भीतीपोटी कबूल करू नका. असत्य बोलू नये हे शील तेथेही लागू आहे. विनयातही आरोपीला समोर बोलावून विचारल्याशिवाय केलेला दंड अधर्माचा ठरतो. परमपूज्य बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असताना घडलेल्या संविधानाचे कलम 311 सरकारी नोकराला हेच संरक्षण देते. काही अपवाद सोडले तर आरोप कळवून, म्हणणे मांडण्याची संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फी नाही. खासगी शाळेतल्या कायम शिक्षकाला 1977 च्या कायद्याप्रमाणे आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. हे दिवस नवसात घालवू नका.

बावरीनगर-दाभडच्या धम्म परिषदेला आपण गाड्या भरून जातो. तसेच वस्तीतल्या दोघा जाणत्यांनी नोकरी गेलेल्या भावाबरोबर साहेबांकडे, वकिलाकडे जावे. दारू कारण असेल तर पाचवे शील त्याला पुन्हा द्यावे व ते पाळायला घरच्यांनी बळ द्यावे. तो परत रुजू झाल्यावर जुनी चूक उगाळू नये. नोकरी परत मिळेलच असे नाही. पण त्याची विहारातली जागा त्या दिवसापुरतीही रिकामी राहू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!