आजचं चिंतन : एकमेकांना जागं ठेवणारे (गीता, अध्याय १०, श्लोक ९)



आजच्या श्लोकात भगवंत भक्तांचं वर्णन करतात. त्यांचं चित्त माझ्यात असतं, प्राण माझ्यात गुंतलेले असतात, ते एकमेकांना बोध करतात आणि माझ्याविषयी बोलण्यातच रमतात. यातला 'एकमेकांना' हा शब्द आपण पटकन ओलांडून जातो. इथे गुरूने शिष्याला शिकवण्याची गोष्ट नाही, भक्ताने भक्ताला सांभाळण्याची आहे. माउलींनी यावर शेजारच्या सरोवरांचा दृष्टान्त दिलाय. ती उचंबळतात, पाणी एकमेकांत मिसळतं, आणि लाटेला लाटच घर होते.

मला हा श्लोक कळला तो माझ्या आतेभावामुळे. तो चिखली तालुक्यात शेती करतो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या बैठकीबद्दल सांगणार आहे, तिथला तोच नियम आहे.

दादाची दारू पंधरा वर्षांची. घरच्यांनी शेगावला नेऊन समाधीपुढे शपथ घ्यायला लावली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. गळ्यात माळ घातली. प्रत्येक वेळी शपथ मनापासूनच होती आणि प्रत्येक वेळी ती महिन्या-दीड महिन्यात मोडली. मोडली की तो आधीपेक्षा जास्त प्यायचा, कारण आता पाप केल्याची भीतीही विसरायची असायची.

आत्यानं मला विचारलं, "मंग नामात ताकद नाही काय रे?"

प्रश्न सोपा नाही. आपल्याकडे माळ घालून दारू सुटलेली माणसं आहेत, आपण पाहिलीत. पण त्यांचं पुढे काय झालं तेही बघा. ती दिंडीत चालली, एकादशीच्या भजनाला बसली, हातात टाळ आला. एखाद्या वेळी आली नाहीत तर कोणीतरी दारात येऊन विचारलं, "काऊन भाऊ, आज दिसले नाही?" दादाच्या गळ्यात माळ आली, पण संध्याकाळी सात वाजता हाक मारणारं कोणी नव्हतं. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टीम एकाच शपथेवर उभी होती. ती गेली की सगळं बंद.

आता १९३५ सालची एक गोष्ट. अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावात बिल विल्सन हा माणूस हॉटेलात उभा होता. पाच महिन्यांपूर्वी दारू सुटलेली, हातातला व्यवहार फसलेला, आणि शेजारीच बार. तो बारकडे न जाता फोनकडे गेला. चर्चच्या लोकांना फोन करून त्याने दुसरा एखादा दारूडा शोधला. डॉक्टर बॉब स्मिथ भेटले, आणि दोघं तासन् तास बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं, म्हणजे आपण म्हणतो ते एए. भारतात ते १९५७ मध्ये आलं. त्या दिवशी बिल समोरच्याला उपदेश करायला गेला नव्हता, स्वतः वाचायला गेला होता. एकमेकांना, ते हे असं.

दादासाठी बैठक शोधण्याआधी आम्ही डॉक्टर गाठले. हे नीट लक्षात ठेवा : रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. 'आजपासून बंद' हा संकल्प डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा. मग चौकशी करत बैठक सापडली, एसटीने दीड तासावर, एका शाळेच्या खोलीत. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. जो तो आपलंच सांगतो, दुसऱ्याला सल्ला कोणी देत नाही. ईश्वर ज्याला जसा कळला तसा. दादाचे गजानन महाराज, शेजारच्याचे आणखी कोणी.

परत आल्यावर दादा म्हणाला, "पहिल्यांदाच कोणी मले समजावलं नाही रे. नुसतं 'पुढच्या रविवारी या' म्हणाले."

तो जातोय. मध्ये एकदा घसरला, तरी पुढच्या रविवारी गेला. शपथ मोडली की माणूस तोंड लपवतो, इथे मोडल्यावरच यायचं असतं. आत्याला मी एवढंच सांगितलं की नामात ताकद आहे, पण ते घ्यायला भगवंतांनीच एकट्याला नाही, मंडळींना बसवलंय.

तुमच्या घरात, मित्रांत किंवा तुमच्यातच असं कोणी असेल तर आज एक फोन करा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. बायको-मुलांसाठीही अल-अनॉनसारखे गट आहेत, त्यांचं दुखणं वेगळं असतं. बैठक लांब असेल तर मोबाईलवरही बैठका होतात.

आजचा संकल्प : घसरलेल्या माणसाला नवी शपथ घालू नका. पहिल्या बैठकीला त्याच्यासोबत एसटीत बसा.

जय गजानन.