तिकिटं कोणी घेतली?

(बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं आहे. स्मरणपुस्तिकेसाठी धाकट्या भावाने लिहिलेला लेख ताईने नुकताच वाचून खाली ठेवला आहे.)

ताई : छान लिहिलंयस. पण लॉटरीचा काळ कुठे गेला?

भाऊ : गाळला. ते बाबा नव्हतेच, ताई. ज्यांनी जन्मात पत्त्यांना पैसा लावला नाही, ते पेन्शन आली की तिकिटं घेत सुटले? पार्किन्सनसाठीच्या प्रामिपेक्सोलचा डोस वाढला आणि हे सुरू झालं. डॉक्टरांनी तो हळूहळू उतरवला, तिकिटं थांबली. गोळीचं पाप बाबांच्या माथी कशाला?

ताई : मग नातीला पेटी शिकवायचे, तो परिच्छेदही काढ.

भाऊ : तो का?

ताई : कधी शिकवायचे ते आठव. सकाळची लेवोडोपा लागू पडली की. बोटं सुटायची, चेहरा हलायचा, चेष्टामस्करी चालायची. असर उतरला की भात्यावरचा हात जागचा हलत नसे. प्रथिनं गोळीला आडवी येतात म्हणून आई नाश्तासुद्धा उशिरा द्यायची. तिकिटं गोळीची, तर पेटीही गोळीचीच.

भाऊ : सारखं कसं? पेटी त्यांना आधीपासून येत होती, लेवोडोपानं फक्त हात मोकळा केला. जुगार त्यांच्यात नव्हताच. खुद्द जेम्स पार्किन्सननं 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असंच लिहिलं होतं.

ताई : पुढच्या डॉक्टरांना ते पुरतं खरं नाही असं दिसलं. हा आजार मनालाही शिवतो. आणि डोपामाइन काही हालचालींपुरतं नसतं. एखादी गोष्ट हवीशी वाटण्यातही त्याचा हात असतो. ती ओढ गोळीनं वाढवली, मान्य. पण तिकिटांची वही बघ. तारीख, नंबर, रक्कम. ओळीच्या शेवटाला अक्षर मुंगीएवढं झालंय, तरी नोंद एकही सुटलेली नाही. ही सवय कोणाची?

भाऊ : बाबांचीच. म्हणजे दोष त्यांचा?

ताई : दोष कुठे म्हटलं? घडलं ते त्यांच्या आयुष्यात घडलं, एवढंच म्हणतेय. आवडते तेवढे बाबा आपले आणि नावडते औषधाचे, अशी वाटणी केली तर उरतो तो आपण बेतलेला माणूस.

भाऊ : पण वही त्यांनी लपवली होती. लपवलेलं चव्हाट्यावर मांडायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

ताई : हे मात्र अवघड आहे. पुढे दवाखान्यात एका पेशंटच्या मुलाला त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, 'ही गोळी सुरू झाली की वडिलांच्या पासबुकावर लक्ष ठेवा.' मान खाली होती, पण सांगितलं.

भाऊ : एकाला सांगणं वेगळं, छापणं वेगळं.

ताई : वेगळंच. म्हणून कारणासकट लिही. हा औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, डॉक्टरांना सांगायला लाजू नये, गोळी आपल्या मनानं बंद करू नये. आणि छापायला देण्याआधी आईला वाचून दाखव.

भाऊ : ती नको म्हणाली तर?

ताई : तर नाही छापायचं. बांगड्या तिच्या मोडल्या होत्या.