गाडी विकत घ्यावी की भाडेपट्ट्याने? एका साधकाचा प्रश्न



आपल्या मराठी साधकांच्या रविवारच्या ऑनलाइन सत्संगात शेवटची पंधरा मिनिटे प्रश्नांसाठी असतात. बहुतेक प्रश्न ध्यानाचे, जपाचे, नाहीतर घरातल्या कुरबुरींचे असतात. मागच्या महिन्यात मात्र बंगळूरच्या एका दादांनी वेगळाच प्रश्न विचारला. "मला स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. कर्ज काढून विकत घेऊ की भाडेपट्ट्याने, म्हणजे लीजवर घेऊ? आणि साधकाने असे विचारणे चुकीचे तर नाही ना?"

काही जण हसले. दादा हसले नाहीत. त्यांच्या वडिलांचे सांगलीला छोटे गॅरेज होते. तिथल्या भिंतीवर दोन दारांच्या लाल गाडीचे पोस्टर होते. ते बघत दादा लहानाचे मोठे झाले. आता पगार चांगला आहे. डाउन पेमेंटसाठी वीस लाख बाजूला काढले आहेत, पण घरातली जवळजवळ सगळी शिल्लक तेवढीच आहे. पत्नीला विचारले, तर त्या "तुम्हाला हवे ते करा" एवढेच म्हणाल्या.

त्या दिवशी वेळ संपली. मी कॉमर्सचा विद्यार्थी आहे आणि इथे प्रवचनांच्या भाषांतराची सेवा करतो. हिशेबाची बाजू लिहून काढ, असे सत्संग घेणाऱ्या ताईंनी मला सांगितले. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की हिशेब आणि साधना यांना वेगळे करता येत नाही.

आधी हिशेब

समजा, गाडी रस्त्यावर यायला १ कोटी रुपये लागतात. २० लाख आपले आणि ८० लाख कर्ज, ९ टक्के व्याजाने, ५ वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता साधारण १ लाख ६६ हजार येतो. पाच वर्षांत नुसते व्याज १९ लाख ६४ हजार होते. म्हणजे १ कोटीच्या गाडीसाठी आपण जवळजवळ १ कोटी २० लाख मोजतो. विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि पेट्रोल वेगळे.

पाच वर्षांनी हातात काय राहते? विम्यासाठी गाडीची किंमत ठरवण्याचा जो रूढ तक्ता आहे, त्यात पहिल्या सहा महिन्यांतच ५ टक्के घट धरतात. गाडी चार वर्षांची होऊन पाचव्या वर्षात गेली की ५० टक्के. हा तक्ता शोरूमच्या किमतीवर चालतो, रोड टॅक्स त्यात नसतो. म्हणजे त्या हिशेबाने उरलेली किंमत पन्नास लाखांच्याही आत येते.

लीजमध्ये सुरुवातीला मोठी रक्कम द्यावी लागत नाही. ठरलेली वर्षे भाडे भरायचे आणि मुदत संपली की गाडी परत करायची. तिची किंमत किती घसरली, ही चिंता बहुतेक करारांत कंपनीची असते. पण भाड्यावर जीएसटी असतो. वर्षाला किती किलोमीटर चालवायची याची अनेकदा मर्यादा असते, ओरखड्यांचे पैसे द्यावे लागू शकतात, आणि मध्येच करार मोडला तर दंड. नोकरी गेली म्हणून भाडे थांबत नाही.

तेव्हा साधे उत्तर असे. गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची असेल आणि मोठी रक्कम देऊनही घराची शिल्लक शाबूत राहत असेल, तर विकत घेणे बरे. दोन-तीन वर्षेच हौस भागवायची असेल, तर लीज बरी, पण करारातले बाहेर पडण्याचे कलम आधी वाचावे. आणि जी गाडी आपल्याला परवडत नाही, ती लीजवर घेतल्याने परवडू लागत नाही. तिचे ओझे फक्त महिन्या-महिन्यात विभागले जाते.

माझे म्हणजे नेमके काय?

दादांनी आणखी एक वाक्य म्हटले होते. "लीजवर घेतली तर ती माझी वाटणार नाही." मला वाटते, खरा प्रश्न इथे आहे.

कर्जाने घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेच्या नावाची नोंद असते. शेवटचा हप्ता फिटून ती नोंद काढून घेईपर्यंत गाडी बँकेकडे तारण असते. लीजमध्ये तर मालकी उघडच कंपनीची. म्हणजे दोन्हीकडे पाच वर्षे आपल्या हाती काय असते? चावी आणि वापरण्याचा हक्क.

आमच्या अभ्यासात इंड एएस ११६ नावाचे लेखामानक आहे. १ एप्रिल २०१९ पासून ते लागू झाले. त्याआधी कित्येक कंपन्या लीजचे भाडे फक्त खर्चात दाखवत, आणि पुढे द्यायच्या रकमेचा बोजा ताळेबंदात दिसत नसे. आता ज्यांना हे मानक लागू आहे त्या कंपन्यांना एका बाजूला 'वापराचा हक्क' ही मालमत्ता दाखवावी लागते आणि दुसऱ्या बाजूला द्यायचे राहिलेले देणे. गाडी दाखवायची नाही, वापराचा हक्क दाखवायचा. परीक्षेसाठी हे पाठ करताना मला वाटून गेले, की ऋषी आपल्याला शरीराविषयी, घराविषयी, नात्यांविषयी हेच तर सांगत आले आहेत. सगळे वापरायला मिळाले आहे. मुदत आहे, आणि परत करायचे आहे. फक्त आपण आपल्या मनाच्या ताळेबंदात देण्याची बाजू कोरी ठेवतो.

नचिकेताचा रथ

कठोपनिषदातली गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. नचिकेत यमाच्या दारी तीन रात्री उपाशी थांबतो. तिसऱ्या वरात तो मृत्यूनंतरचे रहस्य विचारतो, तेव्हा यम त्याला दुसरे काहीही माग म्हणतो. सोने, हत्ती, घोडे, दीर्घायुष्य आणि रथसुद्धा! त्या काळी रथापेक्षा वेगवान आणि देखणे वाहन दुसरे कोणते होते? नचिकेत ते सगळे यमाकडेच राहू देतो.

गंमत पुढे आहे. ज्या मुलाने रथ नाकारला, त्याला यम ज्ञान देतो ते रथाच्याच दृष्टांतातून. शरीर हा रथ, इंद्रिये घोडे, मन हा लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा रथाचा स्वामी. यमाने रथाला वाईट म्हटलेले नाही. लगाम कोणाच्या हाती आहे, एवढेच तो बघायला सांगतो. आधी मनाला गोड लागते ते प्रेय आणि शेवटी आपले कल्याण करते ते श्रेय, हा फरकही तिथलाच.

म्हणून दादा, गाडीवर प्रेम असणे हे पाप नाही. वडिलांच्या तेलकट हातांच्या आठवणीतून आलेले प्रेम तर मुळीच नाही. पण त्या प्रेमात दुसरे काय मिसळले आहे, ते बघूया. ही गाडी कोणीच बघणार नसेल, फोटो कुठेच टाकायचा नसेल, तरी ती हवी आहे का? ताशी अडीचशेने धावू शकणारी गाडी सिल्क बोर्डच्या सिग्नलला बाकी सगळ्यांबरोबरच उभी राहणार आहे. तिथे आनंद कशाचा असेल, चालवण्याचा की बघितले जाण्याचा?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या कोणाच्या गप्प बसण्यावर हा निर्णय उभा आहे का? "तुम्हाला हवे ते करा" हा होकार असतो असे नाही. पुष्कळदा बोलायचे सोडून दिलेल्या माणसाचे ते वाक्य असते.

या आठवड्याची साधना

मोठी खरेदी करायची असेल तर तीन दिवस एवढे करून पाहूया. सकाळच्या ध्यानानंतर एक कागद घ्यावा. पहिल्या दिवशी एकूण किती पैसे जाणार ते लिहावे. दुसऱ्या दिवशी, मुदतीनंतर काय उरणार आणि मध्येच बाहेर पडायचे तर किती भरावे लागेल ते लिहावे. तिसऱ्या दिवशी काहीच लिहू नये. तो कागद घरातल्या माणसासमोर ठेवावा आणि शांतपणे ऐकावे. मध्ये बोलू नये. हे ऐकणेही ध्यानच आहे.

दादांना मी हेच कळवले होते. परवा त्यांचा निरोप आला. वहिनी म्हणाल्या, "मला गाडीचे काही नाही. शिल्लक संपेल आणि उद्या बाबांना दवाखान्यात न्यावे लागले तर काय, याची भीती वाटते." दादांनी लिहिले आहे, की सहा महिने ते विकत की लीज यातच अडकले होते. हे एक वाक्य ऐकायचे राहूनच गेले होते.

गाडीचा निर्णय त्यांनी दोन वर्षे पुढे ढकलला आहे. सोडलेला नाही, आणि सोडावा असे आमचे म्हणणेही नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला रेसचा ट्रॅक आहे. तिथे एक दिवस भाड्याची गाडी मिळते का, याची ते चौकशी करत आहेत. सोबत वडिलांना नेणार आहेत.

आपल्या सर्वांच्या हाती जे काही वापरायला मिळाले आहे, ते मुदत ओळखून, कृतज्ञतेने आणि आनंदाने वापरता येवो, हीच प्रार्थना.