योजलेली छबी

मनुष्याची खरी छबी ती, जी त्याच्या नकळत घेतली गेली. आणि जिच्यासाठी तो सजला, ठरल्या जागी बसला, हात कोठे ठेवावा हेही ज्या वेळी त्याला दुसऱ्याने सांगितले, ती छबी खोटी, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गात दृढ होऊन बसला आहे. या समजाची परीक्षा करणे आता अगत्याचे झाले आहे. कारण योजून छबी काढण्याचा व्यवसाय सोलापुरासारख्या गावातही आज चांगलाच फोफावला आहे. विवाह ठरला, मुलीला पदवी मिळाली, आजोबांची पंचाहत्तरी आली, की छायाचित्रकाराला बोलावणे जाते. तो प्रथम येतो तेव्हा त्याच्या हातात कॅमेरा नसतो, वही असते. घरच्यांशी तास-दोन तास बोलून तो एक कल्पना ठरवितो. तिला त्या धंद्यात 'कन्सेप्ट' म्हणतात. वहीत चौकटी आखून प्रत्येक चित्राचे कच्चे रेखाटन करतो. वस्त्रे, वस्तू, जागा, परवानगी, उजेडाची घटका या सर्वांची यादी होते. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशीपुढे जातो आणि सकाळी नऊनंतरचे ऊन डोळ्यांखाली काळे खड्डे पाडते. म्हणून मंडळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी किंवा किल्ल्याच्या तटापाशी सूर्योदयालाच हजर असतात. कोणी थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरून चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूवर उजेड परतवितो, कोणी पदर उडता ठेवतो. आणि इतके सर्व जमून आले म्हणजे नवरीला सांगण्यात येते, 'आता अगदी सहज हसा!'

आमचे एक स्नेही तर्कशास्त्राचे अध्यापक आहेत. ते या सर्व खटाटोपाची बोळवण एकाच शब्दात करतात: सोंग. हा शब्द आम्हांस मान्य आहे. परंतु सोंग म्हणजे लबाडी, हे समीकरण मान्य नाही. ज्या महाराष्ट्राने बहुरूप्याला दारातून कधी विन्मुख पाठविले नाही आणि ज्याच्या एकनाथांनी वासुदेवाचे, जोश्याचे, गोंधळ्याचे रूप घेऊन परमार्थ सांगितला, त्याला तरी हे समीकरण शोभत नाही. शिवाय छायाचित्रणाचा इतिहास याविरुद्ध साक्ष देतो. १८५१ साली कलोडियनची ओली काच निघाली. तिच्यापुढे बसणाऱ्यासही कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे, आणि मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. अशा यंत्रापुढे सहजपणा कोठून येणार? आमच्या पणजोबांच्या पिढीची छबी डोळ्यांपुढे आणावी: मागे रंगविलेला पडदा, त्यावर त्यांनी जन्मात न पाहिलेले कारंजे, शेजारी तिवईवर फुलदाणी, आणि हातात एक जाड पुस्तक. ते पुस्तक त्यांना वाचता येत होते की नाही, याची चौकशी घरात कोणी कधी केली नाही. सहज टिपलेली छबी ही या कुळातली धाकटी बहीण आहे. योजलेली छबी थोरली.

ती किती थोरली, हे पाहावयाचे असल्यास इपोलित बायार या फ्रेंच गृहस्थाकडे जावे. छायाचित्रणाचा शोध आपणही लावला असता सर्व मान दागेरला मिळाला, या रागाने त्याने १८४० साली आपलीच छबी बुडून मेलेल्या माणसाच्या वेषात काढली: डोळे मिटलेले, अंग उघडे, मान एका बाजूस कललेली. ही कला अजून पाळण्यात होती, तोच तिने सोंग घेतले होते! ते पाहून कोणी फसले नाही, आणि कोणाचे काही गेलेही नाही. परंतु १८५८ साली हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निरनिराळ्या काचांवरून एकच चित्र छापून एका मरणोन्मुख मुलीचा देखावा सिद्ध केला, तेव्हा मात्र इंग्लंडात अनेकांस तो असह्य झाला. मुलगी धडधाकट होती, शोक करणारी मंडळीही पढविलेली होती. मृत्युशय्येची चित्रे रंगविणाऱ्या चित्रकारावर कोणी असे रुष्ट होत नसे. आमच्या मते त्या रोषाचे कारण असे, की काच दिसेल तेच सांगते असा तिचा लौकिक होता, आणि त्या लौकिकाच्या तारणावर प्रेक्षकांकडून अश्रू वसूल करण्यात आले होते. उलट बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांच्या छब्या लोकांनी हौसेने घरात लावल्या, स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याचे अनुकरण केले, आणि तरी कोणाची फसवणूक झाली नाही. सोंग हे सोंग म्हणून ओळखता आले की पाहणाऱ्याची तक्रार संपते.

पाहणाऱ्याची संपते, ज्याची छबी काढावयाची त्याचे काय? आम्हांस खरा प्रश्न येथे दिसतो, आणि तो सत्यासत्याचा नसून मालकीचा आहे. जी कल्पना मनुष्याच्या अंगावर चढवावयाची, ती कोणाच्या मनातली?

विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज मुंबईत छायाचित्रण करीत असे. मुंबईतील जातीजमातींवरील त्याचा ग्रंथ १८६३ व १८६६ साली दोन भागांत लंडनास प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रांची घडण मोठी चमत्कारिक आहे. माणसे एकीकडे टिपावयाची, त्यांच्या आकृती कापून घ्यावयाच्या, आणि मुंबईच्या एखाद्या दृश्यापुढे त्या बसवून पुन्हा चित्र घ्यावयाचे. युक्ती कुशल आहे. पण ती माणसे कोण, ते त्या पुस्तकाला सांगावयाचे नाही. त्यांची ओळख तेवढी जातीची. त्यांतल्या एखाद्याला घरी तान्हे मूल असेल, एखाद्याला उन्हात उभे राहिल्याने चक्कर आली असेल. चित्राच्या दृष्टीने तो केवळ एक नमुना आहे.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवू. त्यावर १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी त्यात आहेत: आनंदीबाई जोशी, जपानच्या केइ ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लांबुली. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा वेष आहे. आनंदीबाईंची साडी तर सर्व महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. हा प्रसंग सहज घडलेला नाही. हा योजलेला देखावा आहे, आणि पूर्वेकडील तीन स्त्रिया तीन वेषांत एका ओळीत मांडण्यात त्या महाविद्यालयाला आपला लौकिकही दाखवावयाचा असणार. जॉन्सनच्या ग्रंथाशी याचे साम्य नाकारता येत नाही, आणि ते आम्हांस काही काळ अस्वस्थ करीत आले आहे. परंतु या चित्राखाली तीन नावे आहेत आणि तीन गावे. शिवाय आनंदीबाईंनी ती साडी छायाचित्रकाराच्या सांगण्यावरून काढून नेसलेली नव्हती. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात भर सभेत सांगितले होते. तेव्हा देखावा दुसऱ्याने मांडला असला, तरी त्यातला अर्थ त्यांनी स्वतः बरोबर नेलेला होता. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यास वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. आज ते चित्र पाहताना कोणी त्यांस नमुना म्हणणार नाही.

चित्रातला मनुष्य खंबीर असेल तर छायाचित्रकाराच्या कल्पनेला तो आपली अट घालतो. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन बाई गांधीजींची चरख्याजवळची छबी घेण्यास आली. तेव्हा चिटणिसांनी तिला आधी सूत कातावयास शिका असे सांगितले. बाई शिकल्या! झगझगीत दिव्यांनाही मर्यादा पडली, आणि तो दिवस मौनाचा असल्याने बोलणेही खुंटले. आज जगभर पसरलेल्या त्या चित्रात चरखा पुढे उभा आहे, आणि गांधीजी मागे बसून कागद वाचीत आहेत. सूत कातीत नाहीत. चरखा बाईंच्या योजनेत होता, वाचन गांधीजींचे स्वतःचे.

परंतु सर्वच माणसे गांधीजी नसतात. येथे आमच्याच गावातील एक हकीकत सांगण्यासारखी आहे. आमचा एक जुना विद्यार्थी हा व्यवसाय करतो, आणि चांगला करतो. एका वकिलांच्या मुलीचा विवाह ठरला होता, आणि तिच्यासाठी त्याने 'विणकर स्त्री' अशी कल्पना काढली होती. सोलापूर हे सुताचे गाव. पहिली कापडगिरणी येथे १८७७ साली उभी राहिली, आणि चादरीने गावाचे नाव देशभर केले. तेव्हा कल्पना प्रसंगाला सोडून नव्हती. पूर्व भागात, जेथे पद्मशाली विणकरांची वस्ती आहे व जेथे यंत्रमागांच्या खडखडाटात हातमाग आता शोधावा लागतो, तेथे त्याने एका वृद्धाचा खड्ड्याचा माग गाठला. वहीत लिहिले होते: मुलगी मागावर, उजेड एकाच झरोक्यातून, किरणात तरंगणारी कापसाची धूळ, म्हातारा मागे, अंधुक. धूळ अर्थातच डब्यातल्या पावडरीची उडवावयाची होती. वृद्धाला अर्ध्या दिवसाचे पैसे ठरले होते. त्याला विचारलेस का, असे आम्ही पुसले, तर 'पैसे ठरले आहेत ना,' असे उत्तर मिळाले.

पुढे काय झाले ते त्यानेच आम्हांस सांगितले. मुलगी मागावर बसली आणि तिने पावडीवर पाय ठेवला मात्र, तोच म्हातारा पुढे आला. त्याच्या तेलुगू वळणाच्या मराठीत तो म्हणाला, 'ताई, उतरा. ताणा तुटतंय.' धोटा कसा फेकावा, फणी कितपत ओढावी, हे त्याने तिला तासभर शिकविले. झरोक्यातले ऊन तोवर भिंतीवर सरकले, आणि वहीतल्या पहिल्या तीन चौकटी बुडाल्या. शिकता शिकता मुलगी बोलून गेली, की तिची आजी गिरणीत रिळांच्या खात्यावर होती. घरात ही गोष्ट कोणी काढीत नाही. मग पावडरीचा डबा उघडला. म्हातारा म्हणाला, 'हे नको. माझा भाऊ गिरणीत पिंजणखात्यात होता. ह्याच धुळीनं गेला.' डबा मिटला गेला.

कापसाच्या धुळीने गिरणीकामगारांची फुप्फुसे निकामी होतात, ही गोष्ट वैद्यकाला ठाऊक आहे आणि तिला वैद्यकात नावही आहे. किरणात तरंगणारी धूळ सुंदर दिसते, हीही गोष्ट खरी. आमच्या विद्यार्थ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. त्याने सुंदर वस्तू पाहिली होती आणि ती हवीशी वाटली होती. आता समजा, म्हातारा गप्प बसता. चित्र बहुधा अधिक देखणे झाले असते. पाहणाऱ्यांपैकी कोणी फसले नसते, कारण वकिलांची कन्या विणकर नाही हे सर्वांस ठाऊक होते. मुलीची संमती होती, म्हाताऱ्याला पैसे मिळाले होते. नेहमीच्या व्यवहाराच्या मापाने काहीच खोट निघत नाही. तरीही एका माणसाच्या भावाचे मरण दुसऱ्याच्या लग्नाची शोभा झाले असते, आणि तेही त्याच्याच घरात, त्याच्याच पाठीमागच्या अंधुक उपस्थितीत. यास आम्ही अन्याय म्हणतो. विणकराचे सोंग विणकरानेच घ्यावे, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. तसे म्हटले तर रंगभूमीच बंद करावी लागेल. परंतु ज्याच्या जिण्यातून आपण कल्पना उचलतो, त्याला त्या उचलण्यात 'हे नको' म्हणण्याइतका तरी हात असावा. म्हाताऱ्याने तो हक्क मागितला नाही, सरळ बजावला. सगळे तसे करीत नाहीत.

चित्र शेवटी जे निघाले त्यात म्हातारा मागावर आहे आणि मुलगी शेजारी उभी राहून रीळ धरून आहे. मुलीला ते फार आवडले. वकिलांनी ते विवाहाच्या अल्बममध्ये घालू दिले नाही. 'मुलीला कामगारीण म्हणून कशाला दाखवावयाचे?' असे ते म्हणाले म्हणतात. त्यांच्या आईने रिळे भरून त्यांना वकील केले होते.

आमच्या या विचाराला एक अडचण आहे, आणि ती लहान नाही. प्रत्येक वेळी समोरच्याची मर्जी पाहू लागल्यास छायाचित्रकार गिऱ्हाइकाच्या हौसेचा हमाल होईल, आणि गिऱ्हाइकाची हौस फारशी उंच नसते हे आम्ही रोज पाहतो. कलकत्त्यास जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा हाती धरला, आणि घरच्या मोलकरणीला, मेरी हिलियरला, वारंवार येशूची माता म्हणून बसविले. ती कल्पना मोलकरणीची नव्हती, मालकिणीची होती. नाही म्हणण्याची सोय त्या मुलीला कितपत असेल? आणि तरीही त्या छब्यांत जी गंभीर शांती उतरली आहे ती आम्हांस खोटी म्हणवत नाही. मेरीचे नाव तिच्या मालकिणीच्या कीर्तीबरोबर टिकले, हा एक भाग. पण त्याने प्रश्न सुटतो असे नाही. येथे आमचे मत डळमळते, आणि ते डळमळत असल्याचे वाचकांपासून लपविण्याचे कारण नाही.

याहूनही अडचणीचा वर्ग तान्ह्या मुलांचा. आषाढी एकादशी जवळ आली, की आमच्या जिल्ह्यात सहा महिन्यांच्या बाळांचे विठ्ठल होतात: कपाळी गंध, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, गळ्यात तुळशीची माळ, आणि कमरेवर हात ठेवता येत नाहीत म्हणून ते धरून ठेवणारी, चौकटीबाहेर लपलेली मावशी. संमती, अट, नकार, यांपैकी एकही गोष्ट या देवाला अवगत नसते. त्याचा निषेध रडण्यावाटे होतो आणि खुळखुळ्याने मोडून काढण्यात येतो. आमच्याही दिवाणखान्यात असा एक विठ्ठल आहे. तो आता सत्तावीस वर्षांचा असून पुण्यास नोकरी करतो. तो फोटो भिंतीवरून उतरवावा अशी त्याची मागणी तीन वर्षांपासून आहे, आणि त्याच्या मातोश्रींनी ती अद्याप विचारात घेतलेली नाही.